उरायासुची औषधांची वही

उरायासु म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर मिकी माउसचे कान उभे राहतात. १५ एप्रिल १९८३ ला इथे डिस्नेलँड उघडलं आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या यादीत आमचं गाव कायमचं जाऊन बसलं. तेही टोकियोच्या नावाने, कारण डिस्नेलँडच्या पाटीवर टोकियो लिहिलेलं असलं तरी ते आहे चिबा प्रांतात, आमच्या उरायासुत! केइयो लाइनने माइहामाला उतरून संध्याकाळी फुगे घेऊन परतणाऱ्यांना खरं गाव दिसतच नाही. ते पाहायचं तर तोझाई लाइनने यायचं. निम्मी मंडळी ज्या निशी-कासाईला डाळी आणि हिरव्या मिरच्या घ्यायला जातात, तिथून फक्त दोन स्टेशनं पुढे.

स्टेशनातून बाहेर पडून दहाएक मिनिटं चाललं की साकाइगावा ही लहानशी नदी लागते. तिच्या दोन्ही काठांना होरिए आणि नेकोझाने हे जुने मोहल्ले आहेत. नेकोझाने या नावाची गोष्ट मला फार आवडते. शेकडो वर्षांपूर्वी समुद्राच्या लाटांनी गाव उद्ध्वस्त केलं, तेव्हा लोकांनी बांध घालून त्यावर पाइनची झाडं लावली आणि म्हटलं, आता लाट या झाडांची मुळं ओलांडणार नाही. ‘मुळं न ओलांडणारी’ या अर्थाच्या शब्दांतून ‘नेकोझाने’ झालं, असं सांगतात.

हे गाव कोळ्यांचं. आसारी आणि हामागुरी या शिंपल्या, आणि नोरी म्हणजे आपण सुशीला गुंडाळलेलं पाहतो ते समुद्रशैवाल, यांवर इथली घरं चालायची. १९५८ साली वरच्या अंगाच्या एका कागद कारखान्याचं काळं पाणी समुद्रात आलं, मासे-शिंपल्या मेल्या, आणि चिडलेले कोळी थेट कारखान्यात घुसले. त्याच वर्षी जपानमध्ये पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे झाले. पुढे १९६९ ला तोझाई लाइन आली, १९७१ पर्यंत कोळ्यांनी मासेमारीचे सगळे हक्क सोडले, आणि समुद्र बुजवून गावाचं क्षेत्रफळ जवळजवळ चौपट झालं. शिन-उरायासुच्या ज्या उंच इमारतींत आपली बरीच कुटुंबं राहतात, तिथे पूर्वी समुद्र होता.

आम्ही राहतो ते जुन्या भागात, म्हणजे मोतोमाचीत. भाडं परवडतं हे एक कारण, आणि शेजार हे दुसरं. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. तरुणपणी थंडीत बर्फासारख्या पाण्यात हात घालून नोरी काढलेली ही माणसं आता सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या कवायतीला हात वर करतात आणि नंतर नदीकाठच्या बाकावर बसून गप्पा मारतात. गप्पांचे विषय तीन: हवा, नातवंडं आणि औषधं. सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे विषयही हेच असतात, त्यामुळे मला इथे परकं वाटलं नाही.

औषधांच्या गप्पांतच मला पहिल्यांदा ‘कांपो’ हा शब्द भेटला. शेजारच्या आजोबांचं हृदय थकलेलं आहे. पायावर सूज येते, जिना चढताना दम लागतो. ते हृदयरोगतज्ज्ञांकडे जातात, चार-पाच प्रकारच्या गोळ्या घेतात, आणि त्यांच्याबरोबर लांबट चंदेरी पुडीतली तपकिरी भुकटीही कोमट पाण्यातून घेतात. प्रत्येक पुडीवर नंबर. आजोबांचा नंबर १७, नाव गोरेइसान. मला वाटलं, ही आजींची घरगुती भर असणार. पण ती पुडीही त्याच डॉक्टरांनी, त्याच चिठ्ठीवर लिहून दिली होती, आणि आरोग्यविम्याच्या त्याच कार्डावर मिळत होती.

मी पूर्वी शाळेत संस्कृत शिकवायचे. शब्द दिसला की त्याचं मूळ खणायची खोड अजून गेलेली नाही. ‘कांपो’ म्हणजे ‘हान लोकांची पद्धत’, अर्थात चिनी वैद्यक. ते कोरिया आणि चीनमधून इथे आलं, इथे रुजलं आणि हळूहळू जपानी झालं. नारा इथल्या शोसोइन भांडारात, सम्राट शोमु वारल्यावर ७५६ साली सम्राज्ञी कोम्योने बुद्धाला अर्पण केलेल्या साठ औषधांची यादी आजही जपून ठेवलेली आहे. त्या यादीत ‘हिहात्सु’ आहे, म्हणजे आपली पिप्पली. ‘कारिरोकु’ आहे, म्हणजे हरीतकी, आपला हिरडा. आणि आमलकही आहे, आपला आवळा. आजीच्या बटव्यातली ही मंडळी साडेबाराशे वर्षांपूर्वी आपल्याआधी जपानला पोचली होती, आणि त्यांना व्हिसाही लागला नव्हता!

पुढची हकीकत कमी गोड आहे. मेइजी काळात सरकारने ठरवलं की डॉक्टर व्हायचं तर पाश्चात्त्य वैद्यकाचीच परीक्षा द्यायची. १८८३ मध्ये तसे नियम झाले. कांपोच्या वैद्यांनी वेगळ्या परवान्यासाठी खूप धडपड केली, पण १८९५ मध्ये संसदेने ती मागणी फेटाळली. पद्धत मेली नाही, मात्र तिचा स्वतंत्र वैद्यही उरला नाही. आपल्याकडे आयुर्वेदाची वेगळी पदवी आहे, चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाची वेगळी विद्यापीठं आणि रुग्णालयं आहेत. जपानमध्ये मात्र कांपो लिहून देणारा माणूस हा साधा एमबीबीएससारखा डॉक्टरच असतो. १९७६ पासून कांपोची अनेक तयार औषधं सरकारी विम्यात आली. आज त्यांची संख्या १४८ आहे, आणि २००१ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमातही कांपोचा समावेश आहे. आजोबांच्या १७ नंबरच्या पुडीमागे हा सगळा इतिहास आहे.

हृदयाच्या बाबतीत कांपो नेमकं करतं काय? पारंपरिक विचार असा की शरीरात ‘की’, ‘केत्सु’ आणि ‘सुइ’, म्हणजे प्राणशक्ती, रक्त आणि पाणी, यांचा ओघ नीट चालला पाहिजे. वात-पित्त-कफाशी हे एकास एक जुळत नाही, पण आपल्या कानाला ओळखीचं वाटतं. रुग्ण धडधाकट आहे की अशक्त, त्याला थंडी वाजते की उष्णता होते, नाडी कशी, पोट दाबल्यावर कसं लागतं, यावरून त्याची ‘शो’ म्हणजे प्रकृतीची आजची अवस्था ठरते, आणि औषध आजाराच्या नावापेक्षा या अवस्थेला दिलं जातं. पोट तपासण्याची पद्धत विशेषतः जपानमध्ये विकसित झाली.

अंगात पाणी साचतंय, सूज आहे, तर गोरेइसान. दम लागतो आणि छातीखाली दडस वाटतं, तर ३६ नंबरचं मोकुबोइतो. अशक्त माणसाला धडधड होते, ठोका चुकतो, तर ६४ नंबरचं शाकानझोतो. धडधडीबरोबर चिंता आणि निद्रानाश असेल, तर १२ नंबरचं लांबलचक नावाचं औषध, ज्यात कालवांच्या शिंपल्यांची पूड असते. आपल्याकडच्या शौक्तिक भस्माची आणि शंखभस्माची आठवण करून देणारं. शिंपल्यांवर जगलेल्या गावातल्या म्हाताऱ्यांना शिंपल्यांचंच औषध, हे वाचून मला हसू आलं होतं.

औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारं ‘क्यूशिन’ नावाचं एक जुनं औषधही इथे घराघरांत असतं. धडधड आणि दम लागणं यासाठी. मोहरीसारख्या बारीक गोळ्या. त्याच्या घटकांत गोरोचन, मोती आणि भीमसेनी कापराच्या जातीचा कापूर आहे, हे वाचल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही तर आपली बाळगुटीच की!” पण त्यात आणखी एक घटक आहे: विशिष्ट जातीच्या बेडकाच्या त्वचेतून काढलेला स्राव. तो हृदयाच्या स्नायूवर डिजिटॅलिससारखं काम करतो. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली एका फुलझाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून डिजिटॅलिस आधुनिक वैद्यकात आहे आणि त्याच्याच कुळातलं डिगॉक्सिन आजही काही ज्येष्ठांना दिलं जातं. म्हणजे एका हाताने डिगॉक्सिन आणि दुसऱ्या हाताने क्यूशिन घेणारे आजोबा एकाच तऱ्हेचा दुहेरी डोस घेत असतात. शिवाय रक्तातलं डिगॉक्सिन मोजणाऱ्या चाचणीचे आकडेही त्याने फसवे येऊ शकतात.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मी उरायासुत जपानीतूनही ऐकलं आहे. ते किती धोक्याचं असू शकतं ते गेल्या शरद ऋतूत आमच्याच घरात कळलं.

सासू-सासरे सांगलीहून अडीच महिन्यांसाठी आले होते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवलेला, रक्तदाबाची गोळी चालू. त्या गोळीच्या नावामागे ‘एच’ हे अक्षर होतं. आपल्याकडच्या पुष्कळ गोळ्यांच्या नावामागे ते असतं आणि आपण त्याकडे लक्ष देत नाही. तो ‘एच’ लघवी वाढवणाऱ्या औषधाचा असतो. बाबांना इथली हवा मानवली. रोज साकाइगावाच्या काठाने चालायचे, बाकावरच्या आजोबांशी हातवारे करत बोलायचे. पण रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. “चालणं वाढलंय, म्हणून,” असं त्यांनीच निदान करून टाकलं. शिवाय कोरड्या हवेने घसा धरला होता, म्हणून आई रोज सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा करून देत होत्या आणि दिवसभर चघळायला एक काडीही.

गोळ्यांची तक्रार हातवाऱ्यांतूनच शेजारी पोचली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी पर्सिमनची फळं आणि पुड्यांची एक माळ घेऊन दारात. नंबर ६८. “मला लगेच गुण येतो,” म्हणाल्या. आईंना फार कौतुक वाटलं. “बघ, परक्या मुलखात कोण कुणासाठी एवढं करतं? आज रात्रीच देऊन टाकते.”

मी पुडी उलटून पाहिली. माझी चित्रलिपी अजून प्राथमिक शाळेतलीच आहे, पण नावातली दोन अक्षरं ओळखीची होती: ‘गोड’ आणि ‘गवत’. कानझो. आणि मनात एकदम संस्कृत जागं झालं. यष्टिमधु, गोड काठी. ग्रीक नावाचा अर्थही गोड मूळ असाच. तिन्ही भाषांनी एकाच वनस्पतीच्या कुळाला एकाच गुणावरून नाव दिलेलं. म्हणजे पुडीतही ज्येष्ठमधच होता. मी म्हटलं, “आई, उद्यापर्यंत थांबूया. मी जरा विचारून येते.”

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे पुडी, बाबांच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि ज्येष्ठमधाची काडी असं सगळं घेऊन गेले. जपानी औषधवाले घाई करत नाहीत. त्यांनी गोळीतला घटक शोधला, काडीचा वास घेतला, रोज किती काढा ते विचारलं. मग कागदावर तीन बाण काढले. लघवीच्या औषधाने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. ज्येष्ठमधाच्या काढ्याने कमी होतं. आणि या पुडीत दिवसाच्या मात्रेला सहा ग्रॅम कानझो आहे, म्हणजे तिनेही कमी होणार. तिन्ही बाण एकाच दिशेला. पोटॅशियम उतरलं की स्नायू दुबळे होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, ज्येष्ठमधाने वर रक्तदाब चढतो आणि अंगावर सूज येते, आणि हृदयाच्या रुग्णाचा ठोका धोकादायकरीत्या बिघडू शकतो. मग ते सौम्यपणे म्हणाले, “ज्या गोळ्यांसाठी हे औषध देताय, ते कदाचित पोटॅशियम कमी असल्यामुळेच येत असतील.”

म्हणजे औषधाने दुखणं वाढलं असतं आणि वाढलेल्या दुखण्यावर आम्ही आणखी औषध दिलं असतं.

त्याच दिवशी दवाखान्यात रक्त तपासलं. पोटॅशियम खरोखर कमी होतं. फार नाही, पण कमी. काढा बंद, पुड्या नाहीत, सांगलीच्या डॉक्टरांना फोन करून गोळी बदलली, आणि दहा-बारा दिवसांत गोळे थांबले. काहीच न घडल्याची ही गोष्ट आहे. मला त्या न घडण्याचंच मोल वाटतं.

औषधवाल्यांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट हातात ठेवली. एक छोटी वही, फुकट. ‘ओकुसुरी तेचो’, औषधांची वही. आपल्यातल्या बहुतेकांकडे ती असते, मुलांच्या तापाच्या औषधांची चिकटपट्टी लावलेली, ड्रॉवरमध्ये कुठेतरी पडलेली. ती का निघाली हे मला तोवर ठाऊक नव्हतं. १९९३ मध्ये जपानमध्ये नागिणीवरचं एक नवं औषध बाजारात आलं. कर्करोगाचं एक ठरावीक औषध चालू असलेल्या रुग्णांनी ते घेतलं आणि अनेकजण दगावले. दोन्ही औषधं आपापल्या जागी योग्य होती. फक्त एका डॉक्टरने दिलेलं दुसऱ्याला माहीत नव्हतं. अशा घटनांनंतर वहीचा आग्रह वाढला आणि २००० सालापासून ती देशभराच्या व्यवस्थेचा भाग झाली. ११ मार्च २०११ च्या भूकंपात तोहोकुमध्ये दवाखाने आणि त्यांतली कागदपत्रं वाहून गेली, तेव्हा ज्यांच्याकडे वही होती त्यांना छावणीत लगेच आपलं औषध मिळू शकलं. त्याच दिवशी आमच्या उरायासुतही भरावाची जमीन पातळ होऊन गाळ वर आला, मॅनहोल जमिनीतून उंच उठले, पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या तुटल्या. आमच्या शेजारच्या आजी तेव्हापासून वही पर्समध्येच ठेवतात.

आजींना पुड्या परत कशा करायच्या, हा मोठा पेच होता. जपानी शेजाऱ्याची भेट परत करणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी आई आणि मी बेसनाचे लाडू घेऊन गेलो आणि जे झालं ते तसंच सांगितलं. आजी क्षणभर गप्प झाल्या, मग वाकून क्षमा मागितली, आणि आत जाऊन दोन वह्या घेऊन आल्या. स्वतःची आणि आजोबांची. त्यांच्या वहीत ६८ नंबरपुढे डॉक्टरांनी लिहून घेतलेलं होतं: रोज नाही, फक्त गोळा आला त्या रात्री. आजोबांच्या वहीत हृदयाच्या गोळ्यांच्या रांगेत गोरेइसान होतं. आजी म्हणाल्या, “यांच्या डॉक्टरांनी मुद्दाम कानझो नसलेलं दिलंय.” खरंच, गोरेइसानमध्ये ज्येष्ठमध नसतो. कांपोच्या दर दहा औषधांपैकी सुमारे सातांत तो असतो, त्यामुळे वेगवेगळ्या तक्रारींसाठी दोन-तीन पुड्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात किती जातोय, याचा हिशेब कुणीतरी मांडावाच लागतो.

घरी आल्यावर आईंनी मला विचारलं ते मी विसरणार नाही. “तिथले डॉक्टर रागावत नाहीत का गं, दोन्ही घेतलं म्हणून?”

या प्रश्नात आपली सगळी अडचण आली. सांगलीत बाबांच्या डॉक्टरांना काढ्याविषयी कुणीच कधी सांगितलं नव्हतं. का, तर ते ओरडतील. अर्जुनारिष्ट चालू आहे हे सांगितलं नव्हतं, कारण ‘त्यांचा विश्वास नाही’. आणि वैद्यांना गोळ्यांची सगळी नावं सांगितली नव्हती, कारण ती आठवत नव्हती. आपल्या घरातल्या ज्येष्ठांच्या शरीरात दोन वैद्यकशास्त्रं नांदतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख नसते. उरायासुच्या आजोबांच्या हृदयावरही दोन शास्त्रांचे उपचार चालू आहेत. फरक एवढाच की दोन्ही एका पानावर लिहिलेले आहेत.

याचा अर्थ कांपोचं सगळंच सिद्ध झालेलं आहे असा मी मुळीच करत नाही. विम्यात असणं म्हणजे गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. यातली बरीच औषधं शतकांच्या अनुभवावर विम्यात आली, आजच्या कडक चाचण्यांतून नाही. चीनमध्ये अलीकडे अशा मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. छिलीछियांगशिन या वनौषधींच्या कॅप्सूलची हृदय दुबळं झालेल्या ३,११० रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराने मृत्यू किंवा प्रकृती बिघडून रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण कॅप्सूल घेणाऱ्यांत सुमारे २५ टक्के होतं, नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत सुमारे ३० टक्के. थोंगशिनलुओ या दुसऱ्या औषधाची ३,७७७ हृदयझटक्याच्या रुग्णांवर चाचणी झाली. २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना ५.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्या. (त्यात विंचू, गोम आणि झुरळही असतं, तेव्हा आपल्या शाकाहारी मंडळींनी घटक वाचल्याशिवाय उत्साह दाखवू नये!)

पण या दोन्ही चाचण्यांत एक गोष्ट समान होती, ती बातम्यांच्या मथळ्यांत हरवते. पारंपरिक औषध नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिलं होतं, त्यांच्या ऐवजी नाही. स्टेंट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं चालूच होतं. आणि चिनी कॅप्सूलचा निष्कर्ष जपानी पुडीला किंवा आपल्या अर्जुनसालीला आपोआप लागू होत नाही, कारण पाककृतीच वेगळी. चिनी औषधांत हृदयासाठी फार वापरलं जाणारं ‘तानशेन’ हे मूळ वॉरफरिनबरोबर घेतलं तर रक्तस्राव होऊ शकतो, हेही त्याच शास्त्राच्या अनुभवातून कळलं आहे. उलट वॉरफरिन घेणाऱ्याने इथला नात्तो खाल्ला तर गोळीचा परिणाम उतरतो. आणि कंबर, पाय गार पडणं, रात्री वारंवार उठावं लागणं यासाठी ज्येष्ठांना सर्रास दिल्या जाणाऱ्या ७ नंबरच्या पुडीत शुद्ध केलेला बचनाग असतो. आपल्या वैद्यांनाही तो हृदयावर काय करतो ते चांगलं माहीत आहे.

आता थोडं कामाचं. दिवाळीनंतर किंवा साकुराच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील येणार आहेत. ते तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात, म्हणून त्यांना इथला सरकारी आरोग्यविमा मिळत नाही, दवाखान्याचा सगळा खर्च खिशातून होतो, आणि प्रवासविम्यात जुना हृदयविकार बहुतेकदा धरलेला नसतो. तेव्हा विमा घेताना ते कलम वाचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापेक्षा जास्त आणायची असतील, तर निघण्याआधी ‘युन्यु काकुनिनशो’ हे परवानगीपत्र लागतं. ते इंटरनेटवरून अर्ज करून मिळतं, पण वेळ हाताशी ठेवा. गोळ्यांच्या कंपनीच्या नावांपेक्षा आतल्या घटकांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहून आणायला सांगा. इथल्या औषधवाल्याला भारतातली कंपनी ठाऊक नसते, घटक ठाऊक असतो. त्याच कागदावर काढे, चूर्णं, अरिष्टं, भस्मं, शेजारच्या काकूंनी दिलेल्या पुड्या, सगळं लिहा. आणि छातीत दुखणं, घाम, अचानक दम लागणं असं काही झालं, तर क्यूशिन नको, काढाही नको, ११९ फिरवा.

पाहुणे आले की डिस्नेलँड होणारच, त्याला इलाज नाही. पण एक दिवस त्यांना आमच्या जुन्या उरायासुतही घेऊन या. नेकोझानेमधल्या नगर संग्रहालयात १९५२ सालची कोळी वस्ती जशीच्या तशी उभी केली आहे. प्रवेश फुकट, सावलीत बसायला ओटे, आणि बेका नावाच्या लहान होड्या. ज्या ज्येष्ठांना डिस्नेलँडच्या रांगेत पाय दुखतात, ते तिथे रमतात. परतताना स्टेशनच्या वाटेवर कुठल्याही औषधांच्या दुकानात शिरा आणि आई-बाबांसाठी एकेक वही मागून घ्या. पहिल्या पानावर त्यांच्या हृदयाच्या गोळ्या लिहा. दुसऱ्या पानावर, जरा आग्रह करून, न रागावता, त्या डब्यातल्या पुड्यांत काय आहे ते विचारा.

आमच्या आईंची वही आता सांगलीत आहे. तिच्यात ज्येष्ठमधापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘यांना नाही. मला चालतो. डॉक्टरांना विचारलं आहे.’